पुरात दोनदा बुडालेल्या जुन्या सायकलीची फ्रेम कमी खर्चात खरवडून पुन्हा रंगवणे

काठावरचा (सांगली)
२६ ऑक्टोबर

सर्वांना नमस्कार. आमच्या गावभागातील घरी वडिलांची चोवीस इंची काळी हर्क्युलिस सायकल आहे. ती २००५ च्या पुरात एकदा आणि २०१९ च्या महापुरात दुसऱ्यांदा पूर्ण पाण्याखाली गेली. पहिल्या पुरानंतर तिच्यावर कोणीतरी गेटला देतात तो चंदेरी ऑइलपेंट कुंचल्याने जाडजूड फासला. दुसऱ्या पुरानंतर ती नळाखाली धुऊन पोटमाळ्यावर टाकली, ती या दसऱ्याला खाली काढली. चंदेरी रंगाचे पोपडे सुटले आहेत, त्याखाली मूळचा काळा रंग आहे आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली गंज धरलेला दिसतो. वडील आता सायकल चालवत नाहीत, परंतु मला ती बाजारहाटासाठी वापरायची आहे.

टायर, ट्यूब आणि चेन यांचा खर्च वेगळा धरला आहे. फ्रेम, चिमटा (पुढचे चाक धरणारा भाग) आणि दोन्ही मडगार्ड यांच्या रंगासाठी माझ्याकडे दोन हजार रुपये आहेत, त्यापेक्षा अधिक घालण्याची इच्छा नाही. रंग पूर्ण काढावा की सुटलेला भाग तेवढा घासून वरून नवा हात द्यावा, आणि घरी कुंचल्याने रंगवणे बरे की कुपवाडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंग करून घेणे बरे, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

माहुलीकर (सातारा)
२६ ऑक्टोबर

रंग पूर्ण काढा. चंदेरी थर ज्या काळ्या थरावर बसला आहे तो काळा थरच जर लोखंडावरून सुटला असेल, तर वरून दिलेला तिसरा थर कितीही भारी असला तरी पहिल्या पावसाळ्यात खालच्या दोघांना घेऊन निघेल. मी स्वतः ही चूक एका लेडीज सायकलीवर केली आहे आणि तेच काम दोन वर्षांत दोनदा केले आहे.

रंगाला हात लावण्यापूर्वी सायकल पूर्ण खोला, म्हणजे बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस ज्यात फिरतो तो डबा) वाट्या, हँडलच्या वाट्या, सीट पिलर, कॅरिअर आणि मडगार्डच्या काड्या, सर्व काही. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण वॉशर कोणत्या बाजूला होता हे महिन्याभराने आठवत नाही. बीबीच्या उजव्या, म्हणजे चेनकडच्या वाटीचे आटे उलटे असतात हे ध्यानात असू द्या. ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. हे माहीत नसल्यामुळे दोन पाने मोडलेले लोक मी पाहिले आहेत.

रंग काढण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर जुन्या कुंचल्याने जाड थापावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा आणि वीस-पंचवीस मिनिटे हात लावू नये. बहुतेक जण रिमूव्हर पातळ फासतात, तो पाच मिनिटांत वाळतो आणि मग रिमूव्हर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. रंग सुरकुतून वर आला की खरवडणीने काढावा आणि सांध्यांच्या कोपऱ्यांत भांडी घासायची तारेची घासणी चालवावी. दोन थर असल्याने तुम्हाला किमान दोन वेळा थापावे लागेल. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा. खोलीत करू नका.

पावडरवाला (कुपवाड)
२७ ऑक्टोबर

मी पावडर कोटिंगच्या कामात आहे, त्यामुळे आमच्या बाजूचे सांगतो. पावडर विजेच्या भाराने लोखंडावर चिकटते आणि नंतर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत दहा-पंधरा मिनिटे वितळून एकसंध होते. हाताने दिलेल्या कोणत्याही ऑइलपेंटपेक्षा तो थर कठीण असतो. या तापमानाने सांध्यांतील पितळी डाखाला (नळ्या जोडणाऱ्या वितळवून भरलेल्या पितळेला) काही होत नाही, कारण पितळ वितळायला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेव्हा ती भीती मनातून काढून टाकावी.

परंतु कमी खर्चात काम करून घ्यायचे असेल तर काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. आमच्याकडे एका सायकलीसाठी भट्टी पेटत नाही. त्या दिवशी ग्रिलचा किंवा पॅनेलचा जो रंग चालू असेल त्याच रंगात तुमची फ्रेम टांगली, तरच ती स्वस्तात होते. काळा रंग बहुतेक आठवड्यांत एकदा तरी चालू असतो. बीबीचे आटे आणि हँडलच्या वाट्या बसण्याच्या जागा बुजवून द्याव्यात, नाहीतर तिथेही पावडर बसते आणि मग आटे पुन्हा काढण्याचा वेगळा खर्च येतो. आमच्या टाक्यांत तेल, धूळ आणि हलका गंज निघतो, जुना ऑइलपेंट निघत नाही. तो काढून आणण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळ्यांच्या आतील घाण. तुमची फ्रेम पुरातली आहे असे तुम्ही लिहिले आहे. नळीच्या आत राहिलेला ओलसर गाळ किंवा जुने ग्रीस भट्टीत तापले की वाफ आणि तेल सांध्याच्या बारीक फटीतून बाहेर येते आणि नेमका त्याच ठिकाणी रंगाला फोड येतो. फ्रेम पावडरला द्या अथवा घरी रंगवा, आतून स्वच्छ केल्याशिवाय काही करू नका.

काटकसरी (तासगाव)
२७ ऑक्टोबर

पेंट रिमूव्हरवर पैसे घालण्याची आवश्यकता नाही. साबण करण्यासाठी मिळतो तो कॉस्टिक सोडा गरम पाण्यात टाकून फ्रेमवर ओतला की रंग शेवाळासारखा निघतो. आमच्या गावात ट्रॉलीची फाळके याच पद्धतीने साफ करतात.

रसायनशाळा (कराड)
२७ ऑक्टोबर

काटकसरी यांचे म्हणणे रसायनाच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु ते ज्या सहजतेने लिहिले आहे त्या सहजतेने कोणी करू नये म्हणून थोडे सविस्तर लिहिते. जुने ऑइलपेंट आणि एनॅमल यांचा बांधा तेलापासून केलेल्या राळेचा असतो, आणि कॉस्टिक सोडा तेलाचा जसा साबण करतो तसाच या राळेचाही करतो. म्हणूनच रंग बुळबुळीत होऊन निघतो. पावडर कोटिंग किंवा दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र याने सहसा निघत नाही.

तेच रसायन तुमच्या त्वचेतील चरबीचाही साबण करते आणि डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी गमावण्याचा धोका असतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका. सोडा नेहमी थंड पाण्यात थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी ओतू नये आणि आधीच गरम केलेल्या पाण्यात तर तो मुळीच टाकू नये, कारण विरघळताना तो स्वतः इतकी उष्णता सोडतो की पाणी उसळून अंगावर येते. भांडे प्लॅस्टिकचे किंवा लोखंडाचे घ्यावे. जर्मनचे पातेले घेतले तर सोडा पातेलेच खाऊ लागतो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. त्याच कारणाने ॲल्युमिनियमचा कोणताही भाग या द्रावणाजवळ आणू नये.

पेंट रिमूव्हरही निरुपद्रवी नसतो. काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद खोलीत ती जमिनीलगत साठते, आणि शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कापडी मास्कने ती अडत नाही. डब्यावरील घटक वाचून त्याशिवायचा रिमूव्हर मिळाला तर तो घ्यावा. वेळ अधिक लागेल, एवढेच.

तिसरी गोष्ट शिशाची. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये अधिसूचित होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असेल असेच धरून चालावे. अशा रंगावर कोरडा काचकागद किंवा ग्राइंडरची तारेची वाटी चालवू नये आणि तो ब्लो टॉर्चने जाळू नये. ओलसर खरवडावा, खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे, लहान मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला लगदा गुंडाळून वेगळा ठेवावा. तो गटारात सोडला तर शेवटी कृष्णेतच जाणार आहे, आणि खालच्या अंगाचे लोक तेच पाणी पितात.

काठावरचा (सांगली)
३ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. कॉस्टिक सोड्याचे वर्णन वाचून घरातून परवानगी मिळाली नाही, त्यामुळे मिथिलीन क्लोराइड नसलेला रिमूव्हर शोधून आणला.

खोलण्याच्या कामात मात्र एक चूक झाली. डाव्या कॉटर पिनची, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) आसावर धरणाऱ्या पिनची, चाकी (नट) काढून मी पिनवर सरळ हातोडी घातली. पिन बाहेर आली नाहीच, उलट तिचे टोक मशरूमसारखे पसरले आणि आता ती मागेही जात नाही व पुढेही येत नाही. उजवी वाटीही हलत नाही. पुढे काय करावे?

जुना कारागीर (मिरज)
३ नोव्हेंबर

कॉटर पिनवर हातोडी घालताना क्रँकच्या खाली आधार नसेल तर तुमचा सगळा मार बीबीच्या छर्ऱ्यांना बसतो आणि पिनला काहीच बसत नाही. पिनचे डोके ज्यात मोकळे राहील असा जाड पाइपचा तुकडा घ्यावा. तो क्रँकच्या खाली, बरोबर पिनच्या रेषेत, जमिनीपर्यंत उभा टेकवावा आणि मग वरून एकच ठाम घाव घालावा. दहा हलके घाव घातल्याने पिन पसरते, एका जड घावाने ती सुटते. चाकी पूर्ण काढायची नसते. ती आट्यांच्या टोकाशी समपातळीत ठेवली म्हणजे टोक पसरत नाही. आता तुमचे टोक पसरलेच आहे, तर ते कानशीने क्रँकच्या पातळीपर्यंत उतरवा, मधोमध पोगराने खूण करा आणि पिनपेक्षा थोड्या बारीक ड्रिलने भोक पाडत जा. पिन आतून पोकळ झाली की तिची पकड सुटते. कॉटर पिन फार महाग नसते, नवीन जोडीच घाला.

उजव्या वाटीला आदल्या रात्री आतून आणि बाहेरून डिझेल सोडा. वाटीला पाना लावण्यापुरत्या दोन सपाट बाजू असतात, त्या बाकावरील शिकंज्यात घट्ट पकडा आणि वाटी न फिरवता संपूर्ण फ्रेम फिरवा. फ्रेम हीच लांब दांड्याचा पाना होते. वाटी खालच्या बाजूला, शिकंज्यात असताना वरून पाहणाऱ्याला फ्रेम घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसली पाहिजे. याबाबत गोंधळ होतो, म्हणून आधी कागदावर बाण काढून घ्यावा.

थोडे विषयाच्या कडेला जाऊन लिहितो. आपल्या जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानच्या जमिनीवर उभी राहिली, पण त्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाची सुरुवात बेळगावात सायकलींच्या दुकानापासून केली होती. नांगराचा कारखाना काढणाऱ्या माणसाचे हात आधी वंगणाने माखलेले होते, हे आम्हा दुकानदारांना सांगायला आवडते. असो.

रंग निघाल्यावर लगेच रंगवायला बसू नका. एक बारीक सुतळी मागच्या एका बाजूच्या चाकाच्या खाचेतून पुढे हँडलच्या नळीभोवती वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून बांधा. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजा. ते सारखे भरले तर मागची बाजू सरळ आहे. दोन मिलिमीटरच्या आतील फरक आपल्या सायकलींत असतोच. मग हँडलच्या नळीच्या मागे, दोन्ही दांड्यांच्या खालच्या अंगावर बोट फिरवा. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला तर कधीकाळी समोरून धडक बसलेली आहे असे समजा. अशा फ्रेमवर रंगाचे पैसे घालू नका.

काठावरचा (सांगली)
१६ नोव्हेंबर

आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही कामे झाली. फ्रेम फिरवून वाटी सुटली तेव्हा इतका मोठा आवाज झाला की शेजारचे पाहायला आले. बीबीच्या डब्यात छर्ऱ्यांऐवजी गंजाची भुकटी आणि घट्ट वाळलेला गाळ होता. प्रत्येक बाजूला अकरा छर्रे असायला हवेत असे दुकानात समजले, मला मिळून तेरा सापडले.

रंगही निघाला. चंदेरी थर पहिल्याच हाताला आला, परंतु त्याखालचा मूळ काळा रंग, जो बहुधा कारखान्यात भट्टीत भाजलेला असावा, तो तीन वेळा रिमूव्हर लावूनही सांध्यांपाशी चिकटून राहिला आहे. सुतळीच्या मोजमापात दीड मिलिमीटरचा फरक आला. धडकेची खूण नाही.

अडचण वेगळीच आहे. बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या डाव्या आडव्या नळीच्या खालच्या अंगाला, डब्यापासून चार बोटांवर, गंज खरवडताना टाचणीच्या टोकाएवढी तीन भोके पडली. तिथे लांबी (पुटी) भरून रंगवले तर चालेल का?

जुना कारागीर (मिरज)
१६ नोव्हेंबर

चालणार नाही. लांबी हे रंगाखालचा खड्डा सपाट करण्याचे साधन आहे, तिने लोखंडाची ताकद येत नाही. आतून गंजलेल्या नळीला बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते तेव्हा आतला पातळ झालेला भाग नेहमीच त्याहून मोठा असतो. टोकदार दाभणाने भोकांच्या भोवती दाबून पाहा. जिथपर्यंत दाभण आत शिरते तिथपर्यंत नळी गेलेली आहे. हा भाग रुपयाच्या नाण्याहून लहान असेल तर त्यावर अर्धगोल वळवलेला पत्र्याचा तुकडा गॅसवर पितळी डाखाने बसवता येतो. त्याहून मोठा असेल तर नळी बदलावी लागेल, आणि तुमच्या अंदाजपत्रकात ते बसणार नाही.

कृपा करून इलेक्ट्रिक वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. जुन्या सांध्यांत पितळ आहे. पितळ शिरलेल्या जागी वेल्डिंगचा टाका घातला की तो सच्छिद्र होतो आणि तडकतो. गॅसवर डाख करणारे जुने हात मिरजेत आणि सांगलीत अजून आहेत, बंबांची आणि तांब्याच्या भांड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे विचारा. काम झाल्यावर टाकणखाराचा काचेसारखा थर डाखाभोवती राहतो, तो कढत पाण्याने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. तो राहिला तर त्यावरचा रंग सहा महिन्यांत सुटतो आणि मग दोष रंगाला लागतो.

पावडरवाला (कुपवाड)
१७ नोव्हेंबर

भोके नेमकी तिथेच का पडली याचे कारण उघड आहे. ती नळी बीबीच्या डब्यात उघडते, सीटच्या नळीतून आलेले पाणी डब्यात उतरते आणि सायकल स्टँडवर उभी असताना ते खालच्या नळ्यांत साचून राहते. पूर तर दोनदाच आला. रोजच्या पावसाचे पाणी सीट पिलरच्या फटीतून दर वर्षी आत जात होते.

आता आतील गाळ काढण्याविषयी. फ्रेम उलटी-सुलटी करून बीबीच्या डब्यातून आणि हँडलच्या नळीतील लहान भोकांतून पाण्याचा पाइप लावा, मुठीने नळ्यांवर ठोका आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवा. ओला गाळ वाळला की तो सिमेंटसारखा बसतो, म्हणून एक रात्र पाणी भरून ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवा. नंतर दोन दिवस कडक उन्हात टांगा. आमच्याकडे मोठ्या कॉम्प्रेसरची हवा आहे, फ्रेम घेऊन आलात तर आतून हवा मारून देतो, त्याचे पैसे नकोत.

काठावरचा (सांगली)
२९ नोव्हेंबर

दाभणाने पाहिलेला भाग नाण्याहून थोडा लहान निघाला. बंब दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांनी डाख करून दिला आणि तीनशे रुपये घेतले. माझ्या अंदाजपत्रकात ते नव्हते, पण या कामातील सर्वांत योग्य खर्च हाच झाला असे मला वाटते.

पावडर कोटिंगचा विचार मी सोडला आहे. पावडरवाला यांनी प्रामाणिकपणे सर्व समजावले, परंतु वडिलांच्या सायकलीवर सोनेरी रेघा होत्या, त्या मला पुन्हा काढून हव्या आहेत. शिवाय पुढे ओरखडा पडला तर एनॅमलवर घरच्या घरी हात फिरवता येतो, तसा पावडरवर फिरवता येत नाही. आता अस्तर (प्रायमर) कोणते द्यावे आणि हात किती द्यावेत?

माहुलीकर (सातारा)
२९ नोव्हेंबर

दुकानदार लाल ऑक्साइड पुढे करेल, कारण तो स्वस्त आहे आणि ग्रिलवाले तोच नेतात. तो वाईट नाही, परंतु साधा लाल ऑक्साइड ओल पूर्ण अडवत नाही. अस्तर दिलेली फ्रेम महिनाभर तशीच ठेवली तर अस्तराखालून गंज येतो. माझा सल्ला असा आहे की रंगाच्या डब्यात शंभर रुपये वाचवा आणि ते दोन भागांच्या इपॉक्सी अस्तरात घाला. पुराच्या गावातल्या सायकलीला तेच हवे. दोन्ही भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा, लागेल तेवढेच कालवा, आणि वरचा हात किती तासांच्या आत द्यायचा ते डब्यावरून वाचा. ती मुदत उलटली तर आधी बारीक काचकागद फिरवावा लागतो.

त्याआधी उरलेला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने काढा. इथे एक बारकावा आहे. द्रावण लोखंडावर तसेच वाळू दिले आणि त्यावर इपॉक्सी दिली, तर आम्लाच्या अवशेषामुळे इपॉक्सी नीट आवळत नाही. म्हणून भरपूर पाण्याने धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात वाळवा, कारण उघडे ओले लोखंड अर्ध्या तासात पिवळे पडते. मग १२० नंबरचा आणि त्यानंतर २२० चा काचकागद, थिनरच्या फडक्याने एकदा पुसणे, आणि त्याच दिवशी अस्तर. पुसल्यानंतर उघड्या बोटांनी स्पर्श करू नका, बोटांचे ठसे रंगातून वर येतात.

अस्तराचे दोन हात, खड्डे असतील तिथे पातळ लांबी, मग वॉटर पेपर ४०० नंबरचा पाण्यात भिजवून, आणि त्यावर एनॅमलचे तीन पातळ हात. दोन हातांच्या मध्ये एक दिवस सोडा. एक जाड हात दिलात तर खालच्या अंगाला ओघळ येतात. रुंद कुंचला घेऊ नका, एक इंची मऊ कुंचला घ्या आणि नळीच्या लांबीने ओढा.

तुम्हा सांगलीकरांना वेळ मात्र सांभाळावी लागेल. सकाळी दहाच्या आधी दव असते आणि दिवाळीनंतर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू झाला की बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी काजळी हवेत उडत राहते. ओल्या रंगावर ती बसली तर पुन्हा काचकागद आला. बंद खोलीच्या फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवा, खिडकी किंचित उघडी ठेवा आणि दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान काम करा.

काठावरचा (सांगली)
१४ डिसेंबर

अस्तर उत्तम बसले. एनॅमलचे दोन हातही चांगले आले. तिसऱ्या हाताच्या वेळी मला घाई झाली. कुंचल्याच्या रेषा दिसत होत्या म्हणून एका ओळखीच्याकडून काळ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणला आणि दुसऱ्या हातानंतर दुसऱ्याच दिवशी वरून मारला. पाच मिनिटांत दांड्यावरचा रंग भाजलेल्या पापडासारखा सुरकुतला. फोटो जोडण्याचे धैर्य होत नाही.

रसायनशाळा (कराड)
१४ डिसेंबर

स्प्रेच्या डब्यात बहुधा जलद वाळणारा लॅकर प्रकारचा रंग असावा. एनॅमल स्पर्शाला एका दिवसात कोरडे वाटते, पण ते हवेतील ऑक्सिजन घेऊन आतपर्यंत आवळत जाते आणि त्याला आठवडे लागतात. तोपर्यंत तीव्र थिनर वरून पडला की अर्धवट आवळलेला थर फुगतो, आणि खालचा भाग घट्ट असल्याने त्याला पसरायला जागा नसते, म्हणून तो दुमडतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा कोणताही रंग ताज्या एनॅमलवर देऊ नये. उलट क्रमाने, म्हणजे वाळलेल्या लॅकरवर एनॅमल, सहसा चालते.

सुरकुतलेला भाग आत्ता घासायला जाऊ नका. तो काचकागदात चिकटेल आणि लगदा होईल. किमान आठ-दहा दिवस थांबा, तेवढाच भाग अस्तरापर्यंत उतरवा आणि पुन्हा एनॅमलच द्या. कोणी दोन डब्यांचा पीयू रंग स्प्रे करण्याचा सल्ला दिला तर घरी तो करू नका, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी कायमचा दमा होऊ शकतो. कुंचल्याच्या रेषांचे म्हणाल तर एनॅमलमध्ये थोडे टर्पेंटाइन घालून पातळ करा, त्या आपोआप बसतात.

काठावरचा (सांगली)
१९ जानेवारी

दांड्याचा भाग पुन्हा करून आता तीन आठवडे झाले. या वेळी फ्रेमवर नखाची खूण उठत नाही. सोनेरी रेघा महामार्गावर ट्रकची अक्षरे रंगवणाऱ्या एका पेंटरकडून कराडला काढून घेतल्या. त्यांनी पट्टी किंवा टेप काहीही न लावता, करंगळी नळीवर टेकवून, लांब केसांच्या बारीक कुंचल्याने एका दमात रेघ ओढली. दोन्ही मडगार्डसह दीडशे रुपये घेतले आणि चहा त्यांनीच पाजला.

खर्चाचा हिशेब पुढील सभासदांना उपयोगी पडावा म्हणून देतो. रिमूव्हर दोन डबे साडेपाचशे, काचकागद आणि घासण्या दोनशे दहा, गंज काढण्याचे द्रावण एकशे चाळीस, इपॉक्सी अस्तर चारशे वीस, एनॅमल अर्धा लिटर एकशे ऐंशी, टर्पेंटाइन आणि थिनर एकशे साठ, डाख तीनशे, रेघा दीडशे. एकूण दोन हजार एकशे दहा रुपये झाले. स्प्रेचा डबा फुकट मिळाला होता, त्याची किंमत मी वेळेत मोजली. हातमोजे घरात होते.

नगरपालिकेच्या सायकल-पट्टीचा एक जुना पत्र्याचा बिल्ला सीटखाली सापडला. तो मी रंगवलेला नाही, तसाच पुसून पुन्हा बसवला आहे. सीटच्या सांध्याखाली ठोकलेला फ्रेमचा नंबर बुजू नये म्हणून तिथे लांबी भरली नाही.

आता जोडणीपूर्वी शेवटचा प्रश्न. नळ्यांना आतून काय लावावे?

जुना कारागीर (मिरज)
१९ जानेवारी

जवसाचे उकळलेले तेल, जे रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळते. साधे खाण्याचे जवस तेल वाळायला फार काळ घेते. प्रत्येक नळीत दोन-तीन चमचे सोडा, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवा, रात्रभर उलटी ठेवून जास्तीचे तेल निथळू द्या आणि रंगावर आलेले ओघळ लगेच पुसा. आत चिवट पातळ पापुद्रा तयार होतो. तेल पुसलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना तापते आणि बोळ्यातील उष्णता बाहेर न गेल्यास फडके आपोआप पेट घेते. ती पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पावडरवाला (कुपवाड)
२० जानेवारी

तेल सोडण्यापूर्वी बीबीच्या डब्याच्या तळाला, सायकल उभी असताना जो सर्वांत खालचा बिंदू येतो तिथे, चार मिलिमीटरचे एक भोक पाडा. खरे तर हे अस्तरापूर्वी सुचवायला हवे होते, ते राहून गेले. भोकाची कड अस्तर आणि एनॅमलने कुंचल्याच्या टोकाने बंद करा. भोक आट्यांच्या जागेत नको, दोन वाट्यांच्या बरोबर मध्ये हवे. आत शिरणारे पाणी आपण थांबवू शकत नाही, त्याला बाहेर जायला वाट तेवढी ठेवता येते.

काठावरचा (सांगली)
८ फेब्रुवारी

भोक पाडले, तेल सोडले, नवे छर्रे अकरा-अकरा मोजून घातले आणि सायकल जोडली. गेला आठवडाभर ती रोज मार्केट यार्डापर्यंत नेत आहे. आज सकाळी स्टँडवर लावली तेव्हा फरशीवर बीबीच्या बरोबर खाली चिमूटभर काळसर भुकटी पडलेली दिसली. बोटाने चोळून पाहिली, गंज नाही, वाळलेला गाळ आहे. नळ्या चार वेळा धुऊन, हवा मारून, दोन दिवस उन्हात टांगूनही तो आत कुठेतरी राहिला होता आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी आता उतरतो आहे. भोक बुजू नये म्हणून दर रविवारी त्यातून एक आगकाडी फिरवत आहे.